भावी राष्ट्रपतींच्या गप्पा आणि भंडाऱ्याची मतपेटी



निवडणुकीचा निकाल लागला की आमच्या तुमसरात दोन गोष्टी हमखास होतात. गुलाल उधळला जातो, आणि गुलाल अंगावरून उतरायच्या आत चौकात फ्लेक्स लागतो. नगरसेवक झालेला भावी आमदार होतो, आमदार झालेला भावी मुख्यमंत्री होतो. आपल्या समाजाचा एखादा तरुण दिल्लीत खासदार म्हणून गेला, की आपल्या मोबाईलवर तो आठ दिवसांत भावी पंतप्रधान किंवा भावी राष्ट्रपती झालेला असतो. त्यात आम्हीही आलो. आम्हीही असे फोटो पुढे पाठवले आहेत. चहाच्या टपरीवर तासन्‌तास ही गणिते मांडली आहेत.

स्वप्न पाहण्यात गैर काही नाही. शतकानुशतके ज्यांना गावाच्या वेशीबाहेर ठेवले, त्यांनी राष्ट्रपती भवनाचे स्वप्न पाहिले तर त्याला हसणारे आम्ही कोण? पण या गप्पा चालतात तेव्हा आम्हाला आपल्याच जिल्ह्यातली एक जुनी गोष्ट आठवते. देशाचे संविधान ज्यांच्या देखरेखीखाली लिहिले गेले, राष्ट्रपतीची निवड कशी करायची हे कलम ज्यांनी संविधान सभेत समजावून सांगितले, ते बाबासाहेब आपल्याच भंडारा जिल्ह्यात मते मागायला आले होते आणि आपल्याच जिल्ह्याने त्यांना हरवले होते. १९५४ साल होते ते. आजच्या तरुणांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे? म्हणून बाबासाहेबांच्या आयुष्याचा हा एक धागा आज नीट उलगडून पाहू.

बाबासाहेबांचे सुरुवातीचे आयुष्य आपल्याला पाठ आहे. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्म. मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज, मग न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन. १९२७ला महाडचे चवदार तळे आणि त्याच वर्षी डिसेंबरात मनुस्मृतीचे दहन. १९३० पासून गोलमेज परिषदा. विहारात दरवर्षी ही सनावळी सांगितली जाते. पण बाबासाहेब निवडणुका कशा लढले, कुठे जिंकले, कुठे आणि कसे हरले, हा अध्याय आपण घाईने उलटतो. पराभवाची गोष्ट जयंतीच्या भाषणात बसत नाही, म्हणून कदाचित.

या अध्यायाची सुरुवात पुणे कराराने होते. २४ सप्टेंबर १९३२. त्याआधी मिळालेला स्वतंत्र मतदारसंघांचा हक्क गेला आणि त्याच्या जागी संयुक्त मतदारसंघातल्या राखीव जागा आल्या. म्हणजे जागा आपली, उमेदवार आपल्यातला, पण तो निवडून यायचा सगळ्यांच्या मतांनी. आपल्या वस्तीने एकमुखाने ज्याला नाकारले तोही आपला प्रतिनिधी होऊ शकतो, आणि ज्याला डोक्यावर घेतले तो घरी बसू शकतो. या व्यवस्थेचा फटका पुढे दोनदा खुद्द बाबासाहेबांनाच बसला.

तरी ते खचले नाहीत. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात नवख्या पक्षाला चांगले यश मिळवून दिले. जुलै १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली. त्याच महिन्यात ते व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री झाले. १९४६ला संविधान सभेत जायची वेळ आली, तेव्हा मुंबई प्रांतातून दार बंद होते. बंगालच्या जोगेंद्रनाथ मंडल यांनी हात दिला आणि बाबासाहेब बंगालमधून निवडून गेले. फाळणी झाली, ती जागा गेली. मग जुलै १९४७ मध्ये मुंबईतून पुन्हा निवड झाली. २९ ऑगस्ट १९४७ला मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. दाराशी आलेला प्रत्येक अडथळा ओलांडून ते तिथे पोहोचले होते.

२७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल रखडवले गेले, मागासवर्गीयांच्या संरक्षणाकडे दुर्लक्ष झाले, परराष्ट्र धोरण पटेना. पद सोडले. आज भावी मंत्र्यांचे फ्लेक्स लावताना आपण हे लक्षात ठेवले पाहिजे की ज्यांच्या नावाने आपण राजकारण करतो, त्यांनी मिळालेले मंत्रिपद तत्त्वासाठी सोडून दिले होते.

पुढच्याच जानेवारीत, १९५२ला, स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. बाबासाहेब उत्तर मुंबईतून लोकसभेला उभे राहिले. समाजवादी पक्षाशी युती होती आणि त्यांचे उमेदवार होते अशोक मेहता. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी बाबासाहेबांचा सुमारे १४ हजार मतांनी पराभव केला.

त्या काळची मतदानाची पद्धत तरुण मित्रांनी समजून घ्यावी, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. काही मतदारसंघ द्विसदस्य असत. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर त्याची निशाणी. फेडरेशनची निशाणी होती हत्ती. मतदाराने दोन वेगवेगळ्या पेट्यांत दोन मते टाकायची. दोन्ही एकाच पेटीत टाकली तर एक बाद. यातूनच मत कुजवण्याचा प्रकार निघाला. आपल्या माणसाला एक मत द्यायचे आणि दुसरे मत कोणालाच लाभू नये म्हणून वाया घालवायचे. उत्तर मुंबईत ७० हजारांहून अधिक मते अशी बाद ठरली. त्याविरुद्ध बाबासाहेब आणि अशोक मेहता निवडणूक न्यायाधिकरणात गेले, पण निकाल बदलला नाही.

लोकसभेचे दार बंद झाले. मग मुंबई राज्यातून ते राज्यसभेवर निवडून गेले. एप्रिल १९५२ पासून त्यांची मुदत सुरू झाली. राज्यसभेचे सदस्य विधानसभेचे आमदार निवडतात. मुंबई विधानसभेत फेडरेशनची ताकद नाममात्र होती, म्हणजे इतर आमदारांच्या मदतीशिवाय ही जागा मिळणे शक्य नव्हते. बंगालमध्ये १९४६ला जे घडले त्याचीच ही वेगळी आवृत्ती. आपली संख्या कमी असताना मित्र जोडावे लागतात, हे बाबासाहेबांनी पुन्हा पुन्हा करून दाखवले.

आता एक योगायोग बघा. राज्यसभेची पहिली बैठक १३ मे १९५२ रोजी झाली. त्याच दिवशी डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी पहिले निवडून आलेले राष्ट्रपती म्हणून शपथ घेतली. त्यांच्याविरुद्ध प्रा. के. टी. शहा उभे होते. संविधानाचे शिल्पकार वरच्या सभागृहात नवे सदस्य म्हणून बसत होते, आणि त्यांनीच समजावून दिलेल्या पद्धतीने देशाचा पहिला नागरिक निवडला गेला होता. याच राजेंद्रबाबूंच्या हातून बाबासाहेबांनी १ सप्टेंबर १९५१ रोजी औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला बसवून घेतली होती. राष्ट्रपतिपदाचा उपयोग कशासाठी करून घ्यावा, हे या एका प्रसंगातून दिसते. मराठवाड्यातल्या गरीब मुलांसाठी कॉलेज उभे राहिले.

राज्यसभेत नव्याने गेलेला सदस्य साधारणपणे पुढच्या पायरीकडे बघतो. बाबासाहेबांनी काय केले? त्याच मे महिन्यात ते अर्थसंकल्पावर बोलले. जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली, त्यासाठी ते न्यूयॉर्कला गेले आणि परत येऊन पुन्हा कामाला लागले. १९५३ला आंध्र राज्याच्या विधेयकावर बोलताना त्यांनी अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा प्रश्न इतक्या तीव्रतेने मांडला की सभागृह हादरले. १९५४ला परराष्ट्र धोरणावर आणि अस्पृश्यता गुन्हे विधेयकावर ते बोलले. सरकारात नव्हते, मंत्री नव्हते, पाठीशी मोठा पक्ष नव्हता. पण त्या बाकावरून केलेली त्यांची भाषणे आजही अभ्यासली जातात.

आणि आता येते आपल्या जिल्ह्याची गोष्ट.

१९५४ला भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक लागली. तेव्हा आपला जिल्हा महाराष्ट्रात नव्हता. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता, आणि आजचा गोंदिया जिल्हाही त्यातच होता. मतदारसंघ द्विसदस्य. बाबासाहेब राखीव जागेवर उभे राहिले, सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता. समोर काँग्रेस, आणि राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर.

तेव्हाचा हा मुलूख डोळ्यांपुढे आणा. वैनगंगेच्या खोऱ्यातली धानाची शेती, मालगुजारांची सत्ता नुकतीच सरत आलेली. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी. घराघरात विड्या वळणारे हात. मे महिना म्हणजे तेंदूपान तोडणीचा हंगाम, सगळे गाव जंगलात. अशा भर उन्हाळ्यात ६३ वर्षांचे, मधुमेहाने आणि गुडघ्यांच्या दुखण्याने बेजार झालेले बाबासाहेब या जिल्ह्यात सभा घेत फिरले. आधाराशिवाय चालणे त्यांना अवघड झाले होते. तरी ते आले. नेहरू सरकारच्या कारभारावर आणि परराष्ट्र धोरणावर त्यांनी उघड टीका केली. खेड्यातल्या मजुरापुढे जगाचे राजकारण मांडायला ते कचरले नाहीत, कारण त्या मजुराला ते देशाचा नागरिक समजत होते.

याच निवडणुकीतला एक प्रसंग आंबेडकरी चळवळीच्या आठवणींत सांगितला जातो. कार्यकर्त्यांना मुंबईचा घाव आठवत होता. त्यांनी सुचवले, की आपल्या लोकांनी फक्त बाबासाहेबांना मत द्यावे आणि दुसरे मत कुजवावे. म्हणजे बाबासाहेब नक्की निवडून येतील. हिशेबाने पाहिले तर मार्ग सोपा होता. बाबासाहेबांनी तो साफ नाकारला. ज्याने संविधान लिहिले त्याने मतदाराला मत वाया घालवायला सांगायचे, हे त्यांना मान्य नव्हते. पडलो तरी चालेल, पण दोन्ही मते द्या आणि युतीचा शब्द पाळा, असा त्यांचा निर्णय होता.

निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब सुमारे साडेआठ हजार मतांनी हरले.

या निकालाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. मतदार तेच, दिवस तोच, युती तीच. मित्रपक्षाचा उमेदवार जिंकतो आणि बाबासाहेब हरतात, याचा अर्थ सरळ आहे. आपल्या लोकांची मते मेहतांना गेली, पण मेहतांना मत देणाऱ्या अनेकांचे दुसरे मत हत्तीच्या पेटीत पडले नाही. आपण शब्द पाळला, समोरून तो पुरता पाळला गेला नाही. १९३२ला पुण्यात जी भीती होती, ती १९५४ला भंडाऱ्यात आकड्यांत उतरली.

मग बाबासाहेब चुकले का? आमच्यात या प्रश्नावर नेहमी वाद होतो. काही जण म्हणतात, मते कुजवायला हवी होती. लोकसभेत बाबासाहेब असते तर पुढचा इतिहास वेगळा असता. हा मुद्दा आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण दुसरी बाजू अशी की बाबासाहेबांनी मत हे हत्यार म्हणून आपल्या हाती दिले होते. ते वाया घालवायला त्यांनीच शिकवले असते, तर पुढे आपण ते पाचशे रुपयांना विकतो तेव्हा आपल्याला कोणत्या तोंडाने अडवले असते? एक जागा गेली, पण मताची किंमत राहिली. आम्हाला हा हिशेब पटतो.

पराभवानंतर ते घरी बसले नाहीत. त्याच १९५४ सालात ते दोनदा ब्रह्मदेशात बौद्ध कार्यक्रमांसाठी गेले. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. १९५५ला भारतीय बौद्ध महासभेची स्थापना झाली. भाषावार राज्यांवर पुस्तक लिहिले. जे हिंदू कोड बिल मंत्री असताना मंजूर झाले नाही, त्यातले विवाह आणि वारसा हक्काचे कायदे १९५५ आणि १९५६ला तुकड्यातुकड्यांनी का होईना, मंजूर झाले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात, तुमसर रोड स्टेशनवरून रेल्वेने काही तासांत पोहोचता येते त्या नागपुरात, लाखोंच्या साक्षीने धम्मदीक्षा घेतली. भंडाऱ्याच्या पराभवाला तेव्हा अडीच वर्षेही झाली नव्हती. ज्या जिल्ह्याने त्यांना साडेआठ हजार मतांनी हरवले, त्या जिल्ह्यातली गावेच्या गावे त्यांच्यामागे बुद्धाला शरण गेली. ६ डिसेंबर १९५६ला महापरिनिर्वाण झाले, तेव्हा ते राज्यसभेचेच सदस्य होते.

आता आपल्या टपरीवरच्या गप्पांकडे परत येऊ.

भावी राष्ट्राध्यक्षाच्या गप्पांचे जगातले सर्वात गाजलेले उदाहरण बराक ओबामांचे. नोव्हेंबर २००४ मध्ये ते इलिनॉय राज्यातून अमेरिकेच्या सिनेटवर निवडून आले आणि लगेच त्यांच्या राष्ट्राध्यक्षपदाची चर्चा सुरू झाली. २००८ला आपण उभे राहणार नाही असे त्यांनी सांगूनही ती थांबली नाही. चार वर्षांत ती खरी ठरली. आपले तरुण हे उदाहरण हौसेने देतात. पण त्याआधीचे फारसे सांगत नाहीत. ओबामा १९८५ पासून शिकागोच्या गरीब वस्त्यांत संघटनेचे काम करत होते. १९९२ला त्यांनी कृष्णवर्णीय मतदारांच्या नावनोंदणीची मोठी मोहीम चालवली. २००० साली ते काँग्रेसच्या खालच्या सभागृहाच्या निवडणुकीत, पक्षांतर्गत फेरीतच, दणकून हरले. चर्चा २००४ला सुरू झाली, काम त्याच्या वीस वर्षे आधी. पुढे नोव्हेंबर २०१० मध्ये ते आपल्या संसदेत बोलले, तेव्हा त्यांनीही बाबासाहेबांचे नाव घेतले.

आपल्याकडचा रस्ता तर आणखी स्पष्ट आहे. भारताचा राष्ट्रपती थेट जनता निवडत नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य त्याला निवडतात. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे. १९७१च्या लोकसंख्येला २८८ आमदारांनी आणि मग हजाराने भागले की हा आकडा येतो. म्हणजे तुमसरच्या आमदाराचे मतही १७५चे. राज्यसभेचा खासदारही आमदारच निवडतात. तेव्हा राष्ट्रपती भवनाची वाट फ्लेक्सवरून जात नाही. ती विधानसभेतून जाते, आणि विधानसभेची वाट आपल्या वॉर्डातल्या मतदान केंद्रावरून. के. आर. नारायणन १९९७ला राष्ट्रपती झाले, रामनाथ कोविंद २०१७ला. दोघेही आपल्यासारख्याच वस्त्यांतून आलेले. पण त्यांना तिथे कोणाच्या संख्याबळाने बसवले आणि वस्तीत त्यामुळे किती बदलले, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. पद मिळणे आणि सत्ता मिळणे यात अंतर असते.

साडेआठ हजार मते. आजच्या मतदान केंद्रांत ती वाटली तर एका केंद्रामागे किती जण? बोटांवर मोजता येतील इतके. एखादे घर यादीतून वगळले गेले, एखादा मुलगा पुण्याला कामाला गेला म्हणून आला नाही, एखाद्या आजीला केंद्रापर्यंत कोणी नेले नाही, की हिशेब संपला.

म्हणून आमचे तरुण मित्रांना एवढेच सांगणे आहे. पुढचा फ्लेक्स लावण्याआधी आपल्या वस्तीची मतदार यादी हातात घ्या. १८ वर्षे पूर्ण झालेल्यांची नावे आता वर्षातून चार तारखांना धरून नोंदवता येतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. अर्ज क्रमांक ६ भरून द्या. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव आले का, वारलेल्यांची नावे निघाली का, जिवंत माणसाचे नाव चुकून कापले गेले का, हे घरोघर जाऊन तपासा. प्रत्येक केंद्रावर आपला एक शिकलेला प्रतिनिधी बसवा. मित्रपक्षाशी युती करायची तर करा, शब्द पाळा, पण त्यांची मते आपल्या पेटीत येतात की नाही याचाही हिशेब ठेवा. आणि आपल्यातला कोणी निवडून आला, तर त्याला पुढचे पद विचारण्याआधी पहिल्या वर्षात सभागृहात काय बोललास, ते विचारा.

बाबासाहेबांचे नाव कोणत्या पदासाठी चर्चेत होते, हे आज कोणी विचारत नाही. एका साध्या खासदाराच्या बाकावर बसून, दोन पराभव पचवून त्यांनी काय केले, ते आपण जगतो आहोत. भंडारा जिल्ह्याच्या माथ्यावर १९५४चे एक ऋण आहे. ते फेडायचे असेल तर मतपेटीपासूनच सुरुवात करावी लागेल.

जय भीम! नमो बुद्धाय!